नागपूरहून जंगलात दोन रात्री: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नागपूरला लग्नाला किंवा कामाला आलेली पाहुणेमंडळी हटकून विचारतात, "उद्या सकाळी निघून वाघ पाहून संध्याकाळपर्यंत परत येता येईल का?" येता येतं. पण रात्री तीनला उठायचं, डोळे चोळत गाडी हाकत गेट गाठायचं, तीन-चार तास जिप्सीत बसायचं आणि जेवणाच्या आत परत फिरायचं, यात जंगल फार थोडं वाट्याला येतं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: जंगलाच्या काठावरच्या एका गावात, वनविभागाच्या निसर्ग पर्यटन संकुलात किंवा चांगल्या होमस्टेत दोन रात्री राहा. दोन-तीन सफारी घ्या आणि उरलेला वेळ गावातल्या गाईडसोबत घालवा. वाघ दिसला तर आनंदच आहे. नाही दिसला तरी दोन दिवस भरून उरतात, कारण रान वाचायला शिकवणारा माणूस सोबत असतो.

घरच्यांसाठी, मित्रांसाठी आणि मग त्यांच्या मित्रांसाठी अशा मुक्कामांची आखणी मी बरीच वर्षं करून देते आहे. त्यात तेच ते प्रश्न येतात आणि तेच ते गोंधळ होतात. ते सगळं इथे क्रमाने लिहिते.

१. आधी महिना ठरवा

जंगल बारा महिने सारखं नसतं आणि सगळे महिने उघडंही नसतं. पावसाळ्यात, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबर, व्याघ्र प्रकल्पांचा गाभा भाग, ज्याला सगळे 'कोअर' म्हणतात, पर्यटनासाठी बंद असतो. रस्ते चिखलाचे होतात आणि प्राण्यांनाही निवांतपणा हवा असतो. गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातले, म्हणजे 'बफर'मधले, काही रस्ते मात्र पाऊस पाहून सुरू ठेवतात.

ऑक्टोबरमध्ये जंगल हिरवंगार असतं. गवत माणसाच्या उंचीचं झालेलं असतं, त्यामुळे दहा फुटांवर बसलेलं जनावरही दिसत नाही. फुलपाखरं, कोळी, किडे यांची आवड असेल तर याच्याइतका चांगला महिना नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पाखरांचा काळ. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे हिवाळी पाहुणे तलावांवर उतरतात. थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. नागपूरची डिसेंबरातली पहाट दहा अंशांच्या खालीही जाते, आणि उघड्या जिप्सीत वारा कानात घुसतो.

मार्चमध्ये पानगळ होते, पळस आणि काटेसावर फुलतात, मोह टपकायला लागतो. नवख्या माणसाने एकदा तरी या महिन्यात जावं असं मला मनापासून वाटतं. ऊन अजून सोसवतं, रान उघडं झालेलं असतं आणि पहाटे मोहाचा वास सगळीकडे भरलेला असतो.

एप्रिल-मे हा वाघ पाहणाऱ्यांचा हंगाम. नाले आटतात, जनावरं पाणवठ्यांवर येतात, सायटिंग वाढतं. पण विदर्भातलं ऊन ४५ अंशांपर्यंत जातं. घरात लहान मूल किंवा रक्तदाबाचा त्रास असलेलं कुणी असेल तर दुपारच्या सफारीचा हट्ट धरू नका.

२. मग जंगल निवडा

नागपूरच्या चारी बाजूंना जंगलं आहेत, त्यामुळे निवडताना गोंधळ होतो.

पेंच. नव्या माणसाला मी पहिल्यांदा इथेच पाठवते. नागपूरहून सिल्लारी साधारण सत्तर किलोमीटर. महाराष्ट्रातल्या या राष्ट्रीय उद्यानाला पंडित जवाहरलाल नेहरूंचं नाव आहे, ते १९७५ साली घोषित झालं आणि १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. नागपूरकरांच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः याच पेंच नदीचं आहे, ही गोष्ट मुलांना तोतलाडोह धरणाच्या काठावर उभं करून सांगा, त्यांच्या चांगली लक्षात राहते. साग, ऐन, धावडा, सालई, बांबू असं मिश्र जंगल आहे. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा अशी वेगवेगळी गेटं आहेत आणि प्रत्येकाचा बाज वेगळा. सिल्लारीला वनविभागाचं संकुल आणि निसर्ग निर्वचन केंद्र, म्हणजे जंगलाची ओळख करून देणारं माहिती केंद्र, आहे. खुर्सापार वाघांसाठी नावाजलेलं. कोलितमाऱ्याला नदीतून नौकाविहार करता येतो.

ताडोबा-अंधारी. यातलं ताडोबा हे १९५५ साली घोषित झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. वाघ दिसण्याची शक्यता इथे सगळ्यात जास्त, आणि गर्दीही तेवढीच. कोलारा गेट नागपूरहून उमरेड-भिसी-चिमूर मार्गाने जवळ पडतं. मोहर्लीला जायचं तर चंद्रपूर-भद्रावतीच्या बाजूने.

उमरेड-पवनी-करांडला. २०१२ साली घोषित झालेलं छोटं अभयारण्य, नागपूरहून तास-दीड तासावर. नागझिऱ्याहून इथे आलेल्या 'जय' वाघामुळे देशभर नाव झालं. २०१६ मध्ये जय दिसेनासा झाला, त्याचं काय झालं हे इथले लोक अजून विचारतात.

बोर. वर्धा जिल्ह्यातलं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेलं आटोपशीर जंगल. गर्दी कमी, शांतता भरपूर.

नवेगाव-नागझिरा. गोंदिया-भंडाऱ्याचं जंगल. पाखरं, रानकुत्रे, अस्वलं आणि जुने मालगुजारी तलाव. वाघाच्या मागे न धावता रानात राहायचं असेल तर नागझिरा निवडा.

पहिल्या खेपेला दोन जंगलं एकत्र करू नका. एका दिवशी पेंच, दुसऱ्या दिवशी ताडोबा असा बेत कागदावर बसतो, पण त्यात अर्धा दिवस गाडीत जातो. शिवाय दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तोच पाणवठा पुन्हा पाहिल्यावरच कळतं की रात्रीतून काय बदललं.

३. गेट आणि मुक्काम एकाच बाजूला ठेवा

सगळ्यात जास्त फजिती इथे होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पेंच दोन राज्यांत आहे. महाराष्ट्रातलं पेंच वेगळं आणि मध्य प्रदेशातलं वेगळं. त्यांची आरक्षणाची संकेतस्थळं वेगळी, परवाने वेगळे, नियम वेगळे. तुरिया हे प्रसिद्ध गेट खवासाच्या पुढे, मध्य प्रदेशात आहे. सिल्लारीला मुक्काम आणि सकाळची सफारी तुरियाची, असं आरक्षण करणारे दरवर्षी भेटतात. मग पहाटेच्या अंधारात महामार्गावरून तासाभराची धावपळ. गाडी पोचेपर्यंत बाकीच्या जिप्स्या आत गेलेल्या असतात.

ताडोब्याचंही तसंच. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा ही सगळी एकाच जंगलाची गेटं असली तरी बाहेरून एकाकडून दुसऱ्याकडे जायला फार मोठा वळसा पडतो. जंगलातून आडवं जाता येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी गेट ठरवा, त्या गेटचं सफारी आरक्षण मिळतंय का पाहा, मग त्याच गेटपासून दहा-पंधरा मिनिटांवर मुक्काम शोधा. हॉटेल आधी ठरवून मग सफारी शोधली तर अडकायला होतं.

४. मुक्कामाची जागा कशी निवडाल

तीन प्रकार असतात. वनविभागाची संकुलं साधी, स्वच्छ, गेटच्या अगदी जवळ. काही ठिकाणी खोल्यांबरोबर डॉर्मिटरीही असते, शाळेच्या सहलीला किंवा मित्रमंडळींना ती उत्तम. गावातले होमस्टे घरगुती जेवणासाठी आणि गप्पांसाठी चांगले. खासगी रिसॉर्ट सोयीचे आणि महाग.

फोन केल्यावर खोलीतल्या टीव्हीची चौकशी बाजूला ठेवा आणि हे विचारा:

- तुमच्याकडे निसर्ग अभ्यासक किंवा पाखरांची माहिती असलेला गावातला गाईड मिळेल का?
- आसपास परवानगी असलेली निसर्ग पायवाट आहे का? सोबत कोण येतं?
- पहाटे निघताना चहा आणि सोबत डबा मिळतो का?
- रात्री आवारातले मोठे दिवे बंद ठेवता का? मोठ्याने गाणी वाजतात का?
- वीज गेली तर काय सोय आहे?
- जवळचा दवाखाना कुठे आहे?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. जंगलाच्या काठावर डीजे लावू देणाऱ्या जागी मी कुणालाही पाठवत नाही. रातवा आणि घुबडांचे आवाज ऐकायला माणूस इतक्या लांब आलेला असतो, आणि तिथे राहणाऱ्या जनावरांचा तर तो रोजचा संसार आहे.

जेवण साधंच मागा. वांग्याचं भरीत, झुणका-भाकर, पाटवडी, डाळभात. गावातल्या चुलीवरचं भरीत खाल्लेली शहरातली मुलं पुढच्या वेळी आपणहून मागतात.

५. सफारीचं आरक्षण

अ) आरक्षण वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. शोधयंत्रात 'ताडोबा बुकिंग' टाकलं की वर येणारी कितीतरी पानं खासगी दलालांची असतात. त्यांची नावं आणि रंगरूप सरकारी वाटावं असंच केलेलं असतं. खात्री करायची असेल तर राज्य वनविभागाच्या मुख्य संकेतस्थळावर जाऊन तिथून पुढचा दुवा घ्या, किंवा प्रकल्पाच्या कार्यालयात फोन करून विचारा.

आ) शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांच्या जागा फार लवकर भरतात. सुट्टीच्या दिवशी दरही जास्त असतात. मंगळवार ते गुरुवार सवड काढता आली तर पैसे वाचतात आणि जंगलही शांत मिळतं. मात्र जंगलं आठवड्यातल्या ठरावीक वारी बंद असतात. ताडोबा मंगळवारी बंद असतो. तुमच्या जंगलाचा वार आधी पाहून घ्या.

इ) एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि चालक. सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रांचे क्रमांक आरक्षणातच भरावे लागतात. आयत्या वेळी "दादाऐवजी वहिनी येतील" हे चालत नाही. तुम्ही दोघंच असाल आणि खर्च जड वाटत असेल तर कॅन्टरची (जास्त माणसं बसणारी मोठी उघडी गाडी) किंवा वाटून घेण्याच्या जागेची चौकशी करा.

ई) ऑनलाईन भरलेल्या पैशात काय काय धरलंय ते वाचा. प्रवेश, जिप्सी आणि गाईड यांचे पैसे काही ठिकाणी एकत्र, तर काही ठिकाणी वेगवेगळे घेतात. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला बहुधा वेगळं शुल्क लागतं. सफारी रद्द केल्यास काय होतं तेही आधीच पाहा.

उ) "वाघ शंभर टक्के दाखवतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. असं वचन कुणीच देऊ शकत नाही. ते पाळायचं तर चालकाला नियम मोडावे लागतात, आणि त्याची किंमत वाघिणीला आणि तिच्या पिल्लांना मोजावी लागते.

कोअर महाग पडत असेल किंवा मिळत नसेल तर बफरची सफारी घ्या. वाघाला कोअर-बफरची रेघ माहीत नसते. बफरमध्ये गाव, शेत, गुरं आणि रान एकमेकांत कसं गुंतलंय ते दिसतं. दोन रात्रींच्या मुक्कामात मी बहुतेकांना एक सकाळ कोअर आणि एक दुपार बफर अशी जोडी सुचवते.

६. सोबत काय घ्याल

कागदपत्रं:
- आरक्षणाची छापील प्रत. गावात नेटवर्क जातं, म्हणून फोनवरच्या प्रतीवर विसंबू नका.
- प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र, आरक्षणात जे दिलं तेच. आरक्षणात आधार आणि हातात लायसन्स असलं की गेटवर खोळंबा होतो.
- मुलांचंही ओळखपत्र किंवा वयाचा दाखला.
- थोडी रोख रक्कम, सुट्ट्या नोटांत. नेटवर्क नसलं की यूपीआय चालत नाही.

सामान:
- मातकट, खाकी, गडद हिरवे सुती कपडे, पूर्ण बाह्यांचे.
- हिवाळ्यात स्वेटर, जॅकेट, कानटोपी, हातमोजे. आठनंतर एकेक उतरवता येईल असे थर घाला.
- उन्हाळ्यात नाक-कान झाकणारा दुपट्टा, टोपी, पाणी आणि ओआरएसची पाकिटं. नागपूरकर उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात, तो ठेवलात तरी पाणी मात्र तहान लागण्याआधी प्या.
- धुळीसाठी रुमाल. दम्याचा त्रास असेल तर पंप हाताशी.
- दुर्बीण. घरात एकच आठ-बेचाळीस (८×४२, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण असली तरी पुरे. नवख्याने कॅमेऱ्याआधी दुर्बिणीवर खर्च करावा.
- पाण्याची धातूची बाटली. जंगलात प्लास्टिकचा तुकडाही खाली पडू देऊ नका.
- टॉर्च, बंद बूट, लहान वही आणि पेन्सिल.

अत्तर, बॉडी स्प्रे, भडक लाल-पिवळे कपडे घरीच राहू द्या. संत्री नेलीत तर मुक्कामावर खा आणि सालं कचऱ्याच्या डब्यात टाका. रानात टाकलेलं काहीही वानरं उचलतात, आणि माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं वानर पुढे गावालाही त्रास देतं.

७. पोचायचं कसं

स्वतःची किंवा भाड्याची गाडी सोयीची. पेंचला जाताना मनसर ओलांडून जबलपूर महामार्गाने पवनीपर्यंत जायचं आणि डावीकडे सिल्लारीच्या फाट्याला वळायचं. खुर्सापार आणखी पुढे, देवलापारच्याही पलीकडे. याच महामार्गावर जनावरांना खालून जाता यावं म्हणून रस्ता उंच उचलून भुयारी मार्ग ठेवले आहेत. त्यातला सगळ्यात लांब सुमारे ७५० मीटरचा आहे. वरून गाडी जाताना ते लक्षातही येत नाही, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा. त्याखालून वाघ, चितळ, गवे, रानकुत्रे जातानाची छायाचित्रं तिथल्या कॅमेऱ्यांनी टिपली आहेत.

गणेशपेठहून शिवनी-जबलपूरकडे जाणाऱ्या बस या मार्गाने जातात, पण फाट्यापासून आत गावापर्यंत वाहन मिळेलच असं नाही. मुक्कामाच्या ठिकाणी आधी फोन करून फाट्यावर कुणाला तरी बोलवून ठेवा.

दिवसाउजेडी पोचा. संध्याकाळनंतर जंगलातल्या रस्त्यांवर चितळं, रानडुकरं अचानक गाडीसमोर येतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून जेवून, आवारात फेरफटका मारून लवकर झोपावं. वाटेत वेळ असेल तर रामटेकचा गड आणि मनसरचं उत्खनन पाहून घ्या.

८. गेटवर आणि जिप्सीत

सफारीच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. सकाळची उजाडण्याच्या सुमारास, दुपारची सूर्यास्ताच्या आत संपणारी. गेटवर अर्धा तास आधी पोचा. नोंदणी होते, ओळखपत्रं तपासतात आणि गाईड मिळतो. ताडोब्याच्या कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. इतर ठिकाणीही गेटवर जो नियम सांगतील तो निमूटपणे पाळा. काही तास फोन नसला की डोळे आणि कान आपोआप कामाला लागतात.

गाईड हा बहुधा जवळच्याच गावचा मुलगा किंवा मुलगी असते. गाडी निघण्यापूर्वी त्याला नाव विचारा, स्वतःचं सांगा आणि मग एवढंच म्हणा: "दादा, आम्ही पहिल्यांदा आलोय. वाघ दिसेल तेव्हा दिसेल, तुम्ही जे जे दिसेल ते दाखवा." या एका वाक्याने पुढचे काही तास बदलतात. नाहीतर पर्यटकांना फक्त वाघ हवा असं धरून चालक एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर गाडी पळवत राहतो आणि बिचारा गाईड गप्प बसतो.

मग तो काय दाखवतो? धुळीतला ताजा पगमार्क, म्हणजे पावलाचा ठसा. नराच्या मागच्या पावलाचा ठसा चौकोनात बसतो, मादीचा लांबट असतो, हे त्याच्याकडून समजून घ्या. सागाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे, अस्वलाने मधासाठी किंवा मोहासाठी चढताना पाडलेले वण, वारुळ उकरल्याच्या खुणा, कांडोळाचं पांढरंफटक झाड. सर्पगरुड कुठे बसतो, नवरंग कोणत्या महिन्यात येतो, हरियालांचा थवा कोणत्या वडावर उतरतो.

'कॉल' ऐकणं ही सगळ्यात मजेची गोष्ट आहे आणि ती शिकता येते. वाघ किंवा बिबट्या हलला की चितळ तीक्ष्ण आवाजात ओरडतं, वानर झाडाच्या शेंड्यावरून खकारतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं आणि सांबर खणखणीत 'ढाँक' देतो. जाणते गाईड सांबराच्या आवाजावर जास्त भरवसा ठेवतात, कारण चितळ लहानसहान गोष्टींनाही दचकतं. कॉल आला की गाईड हात वर करतो, चालक इंजिन बंद करतो. त्या वेळी कुणीही बोलू नये, चिप्सचं पाकीटही वाजू देऊ नये. आवाज कुठून आला, तो सरकतोय का, थांबला का, हे सगळे मिळून ऐका. वाघ समोर आला नाही तरी तो कुठून कुठे गेला हे कळतं, आणि ते कळण्यात फार आनंद आहे.

हे नियम घरातल्या मुलांनाही आदल्या रात्री समजावून सांगा:

- काहीही झालं तरी गाडीतून खाली उतरायचं नाही. टोपी पडली तर गाईडला सांगायचं.
- उभं राहून ओरडायचं नाही, शीळ घालायची नाही, बोटांनी इशारे करून जनावराचं लक्ष वेधायचं नाही.
- चालकाला "अजून जवळ घ्या" म्हणायचं नाही.
- गाडी जनावराच्या वाटेत आडवी लावायची नाही.

शेवटचा नियम फार महत्त्वाचा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-करांडल्याच्या गोठणगाव भागात एफ-२ वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्यांनी अडवली. त्याचं चित्रण सगळीकडे फिरलं, चालक-गाईडांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई गाईड-चालकांवर होते, पण घाई मागे बसलेल्यांची असते. तुमच्या पुढे गाड्यांची रांग लागलेली दिसली तर गाईडला सांगा, "राहू द्या, दुसरीकडे जाऊ." तुम्ही हे म्हटलं की त्याच्यावरचं ओझं उतरतं.

९. सफारी नसेल तेव्हा

दोन रात्रींच्या मुक्कामातला मोठा वेळ जिप्सीबाहेरचा असतो, आणि तो झोपून घालवणं म्हणजे अर्धं जंगल सोडून देणं.

पहिल्या दुपारी निर्वचन केंद्र पाहा. पगमार्कांचे साचे, झाडांच्या साली, पिसं पाहिलेली असली की दुसऱ्या दिवशी गाईडचं बोलणं लगेच समजतं.

दुसऱ्या सकाळी सफारी नसेल तर परवानगी असलेल्या पायवाटेवर गाईडसोबत चाला. कोअरमध्ये पायी फिरता येत नाही. बफरमधल्या वाटेवरही एकटं जाऊ नका, पहाटे आणि सांजेला तर मुळीच नाही. तासाभराच्या वाटेला तीन तास लागू द्या. बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठावर बसून फक्त पाखरं पाहा. टकाचोर, दुधराज, धनेश, सातभाईंचा कलकलाट. सातभाई एका जागी जमून फारच कावले असतील तर तिथे साप, मांजर किंवा घुबड असण्याची शक्यता असते, गाईडला विचारा.

गावात फिरा, पण विचारून. मार्च-एप्रिलात पहाटे बायका मोह वेचताना दिसतील, मे महिन्यात तेंदूपत्त्याची पुडकी बांधणं चालू असतं. फोटो काढण्याआधी बोला. वाघाच्या शेजारी राहणं म्हणजे काय, गुरं मारली गेली की काय होतं, रानडुकरं धान कसं लोळवतात, हे त्यांच्याकडूनच ऐकायला हवं. आपण दोन दिवस पाहायला येतो त्या वाघासोबत ही माणसं वर्षभर राहतात.

रात्री आकाश पाहा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी परिसरातल्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा उजेड फक्त जमिनीकडे पडेल असे केले. नागपूरच्या गच्चीवरून मोजके तारे दिसतात, इथे डोळे अंधाराला सरावले की आकाशगंगेचा पट्टाच दिसतो. यासाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडा आणि निदान वीस मिनिटं फोन किंवा टॉर्च लावू नका. आवाराबाहेर मात्र जायचं नाही.

उन्हाळ्यात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं पाहण्याचा निसर्गानुभव कार्यक्रम करतो. पहिल्या खेपेला तो घेऊ नका. रात्रभर मचाणावर न बोलता, न हलता बसावं लागतं. एक-दोन मुक्काम झाले, रानात गप्प बसायची सवय लागली की जरूर अर्ज करा.

१०. लहान मुलं आणि वडीलधारी

मुलांना एका दिवसात दोन सफारी नकोत, दुसऱ्या सफारीत ती झोपतात किंवा कुरकुरतात. त्यांना वही द्या आणि दिसेल ते काढायला सांगा. वाघाचं आमिष दाखवून नेऊ नका. "शेणकिडे, सुगरणीची घरटी आणि वानरांची पिल्लं बघायला जाऊ" असं सांगून नेलेलं मूल हिरमुसत नाही.

आजी-आजोबांसाठी जिप्सीची मधली जागा, कमरेला उशी, आणि निघण्याआधी स्वच्छतागृह. आत थांबे फार कमी असतात. पाठीच्या मणक्यांचं दुखणं असेल तर कॅन्टर जास्त आरामाचा. काहीजणांना सफारीपेक्षा संकुलाच्या ओट्यावर बसून पाखरं पाहणंच आवडतं, तर त्यांना तसं बसू द्यावं.

११. निघण्याआधी

संध्याकाळी वहीत पाहिलेल्या प्रजातींची यादी लिहा आणि जमलं तर गाईडला दाखवून नावं दुरुस्त करून घ्या. त्याचं काम आवडलं असेल तर बक्षीस त्याच्या हातात द्या आणि गेटवरच्या अभिप्राय वहीत त्याच्या नावानिशी लिहा. तक्रार असेल, म्हणजे जिप्सीने वाट अडवली, मोबाईल चालले, कचरा टाकला, तर तीही तिथेच गाडीच्या क्रमांकासह लिहा. वाघिणीच्या पिल्लांचे फोटो टाकताना जागा आणि वेळ सांगू नका, निदान लगेच तरी नाही.

आणि जंगल अजून लांबचं वाटत असेल तर आधी नागपुरातच एक सकाळ काढा. गोरेवाड्याच्या निसर्ग पायवाटेवर किंवा अंबाझरी जैवविविधता उद्यानात दुर्बीण घेऊन जा. पाखरं शोधायची, गप्प चालायची सवय तिथे होते. पंधरा-वीस पाखरं ओळखता यायला लागली की पेंचच्या गेटचं आरक्षण करा.